चौदा दिवसांचा बांध

घरात कुणाला दिवस गेले, तर तिसरा महिना उलटेपर्यंत ती बातमी चारचौघांत सांगायची नाही, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. का, असे विचारले तर घरातली म्हातारी माणसे कारण देत नसत. "सांगू नये" एवढेच त्यांचे शास्त्र. परंतु त्या मौनात एक शहाणपण होते. पोटात काही आहे हे खरे; पण त्याला घरातले माणूस म्हणायची वेळ अजून यायची आहे, हेही तितकेच खरे. या मधल्या काळाला त्यांनी नाव दिले नव्हते. तो फक्त जपला होता.

हा मधला काळ मोजण्याचा खटाटोप फार प्राचीन आहे. मुलाच्या गर्भाची पहिली हालचाल चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास आणि मुलीच्या गर्भाची नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास होते, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. मुलींच्या वाट्याला उशीर देण्याची खोड तेव्हापासूनची! आपल्या गर्भोपनिषदात एका रात्रीचा गर्भ कलल, सात रात्रींचा बुद्बुद आणि पंधरवड्याचा पिंड, अशी पायरी सांगितली आहे. ते वाचून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते अशी आरोळी ठोकण्याचा मोह वाचकांनी आवरावा. तर्काने सांगणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. मानवी जीवाचे ते पहिले दिवस कुणी पाहिलेच नव्हते.

ते पाहण्याची वेळ आली 1969 साली. रॉबर्ट एडवर्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह स्त्रीबीजाचे फलन शरीराबाहेर, काचेच्या बशीत घडवून आणल्याचे जाहीर केले. पुढे पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद आणि जीन पर्डी ही तरुण परिचारिका यांच्या जोडीने एडवर्ड्स यांनी दहा वर्षे खपून काम केले. 1971 मध्ये सरकारी वैद्यक संशोधन मंडळाने त्यांना पैसे नाकारले. तरी ते थांबले नाहीत. 25 जुलै 1978 च्या रात्री ओल्डहॅम गावच्या इस्पितळात लुईस ब्राऊन जन्मली आणि जगभर 'टेस्ट ट्यूब बेबी'चा गाजावाजा झाला. टेस्ट ट्यूब नव्हतीच. होती ती बशी. पण वर्तमानपत्रांना बशीपेक्षा नळी अधिक नवलाची वाटली असावी.

बाळ आले, पेढे वाटून झाले आणि मग प्रश्न उभा राहिला. बशीत कधी कधी गरजेपेक्षा जास्त भ्रूण तयार होतात. त्या उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे? त्यांच्यावर प्रयोग करायचे का? केले, तर किती दिवस? डॉक्टरकी कायद्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कारण असा भ्रूण आजवर कुणाच्या हातीच आला नव्हता.

1982 मध्ये ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी एका तत्त्वज्ञ बाईंना बसविले. मेरी वॉरनॉक यांचे नाव. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकविलेल्या, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिलेल्या, पाच मुलांच्या आई. समितीत डॉक्टर होते, वकील होते, धर्मशास्त्राचे जाणकार होते आणि ॲन मॅक्लारेन नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. बशीत वाढविलेल्या उंदरांच्या भ्रूणांपासून जिवंत पिल्ले जन्माला येऊ शकतात, हे या मॅक्लारेनबाईंनी जॉन बिगर्स यांच्यासह 1958 मध्येच दाखवून दिले होते.

त्यांनी सहकाऱ्यांना जे समजावून दिले ते असे. पहिले काही दिवस भ्रूण म्हणजे पेशींचा एक गोळा असतो. त्यातल्या बहुतेक पेशींपासून वार आणि वेष्टने बनतात. बाळ बनते ते थोड्याशाच पेशींपासून. पंधरवड्याच्या सुमारास त्या पेशींच्या चकतीवर एक बारीक रेघ उमटते. शास्त्रज्ञ तिला 'प्रिमिटिव्ह स्ट्रीक' म्हणतात. आपण आद्यरेषा म्हणू. ती उमटली की शरीराची डावी-उजवी बाजू ठरते, डोक्याकडची आणि पायाकडची दिशा ठरते. तोपर्यंत एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. त्यानंतर सहसा नाही. म्हणजे एकाचे दोन होण्याची शक्यता जिथे संपते, तिथून 'हा अमुक एक' असे म्हणता येते.

समितीने 1984 च्या अहवालात मर्यादा घातली ती चौदा दिवसांची. अमेरिकेतल्या एका सरकारी सल्लागार मंडळाने 1979 मध्ये हाच आकडा सुचविला होता. पण तो तिथेच कागदावर राहिला. वॉरनॉकबाईंचे वैशिष्ट्य आकडा शोधण्यात नव्हते. आकड्याचा आग्रह धरण्यात होते. वेदना जाणवू लागेपर्यंत किंवा मज्जातंतू तयार होईपर्यंत प्रयोग चालावेत, अशी सीमा घातली तर तज्ज्ञ वर्षानुवर्षे भांडत बसतील. दिवस मात्र कुणालाही मोजता येतात; न्यायाधीशाला, पोलिसाला आणि शेजारणीलाही.

पण हा निर्णय एकमुखी नव्हता. सोळा सभासदांपैकी तिघांनी, भ्रूणावर प्रयोग मुळीच नकोत, अशी भिन्न मतपत्रिका जोडली. चौघांचे म्हणणे, उरलेला भ्रूण वापरा, पण प्रयोगासाठी म्हणून मुद्दाम निर्माण करू नका. या मंडळींना मागासलेले म्हणून मोडीत काढणे सोपे आहे; ते खरे नाही. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही त्याच्या वतीने कुणीतरी बोलले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती.

ती तळमळ पार्लमेंटातही पोचली. ईनॉक पॉवेल यांनी हे संशोधन बंद पाडणारे विधेयक आणले आणि फेब्रुवारी 1985 मध्ये दुसऱ्या वाचनाला ते 238 विरुद्ध 66 मतांनी संमत झाले! विरोधकांनी वेळकाढूपणाचे सारे डाव टाकले म्हणूनच ते पुढे बारगळले. लोकमत मात्र कुणीकडे होते ते दिसून गेले.

यापुढची पाच वर्षे या कथेतली सर्वांत बोधप्रद. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून बाहेर आले. वैद्यक संशोधन मंडळ आणि प्रसूतिशास्त्रज्ञांचे महाविद्यालय यांनी 1985 मध्येच स्वेच्छेने एक परवाना मंडळ स्थापून आपल्याच लोकांवर देखरेख सुरू केली. वंशपरंपरागत रोगांनी मुले गमावलेले आईबाप खासदारांना भेटू लागले. काहींनी पहिल्या चौदा दिवसांच्या भ्रूणाला 'पूर्वभ्रूण' असे नवे नाव देऊ केले. नाव बदलले म्हणजे पाप धुऊन निघते की काय, असा टोला विरोधकांनी लगावला. तो वर्मी लागला असावा. कायद्यात अखेर तो शब्द आला नाही. भ्रूणाला भ्रूणच म्हणून, मग काय करायचे ते ठरविले गेले. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

एप्रिल 1990 मध्ये, मतदानाला थोडे दिवस उरले असताना, लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळातून बातमी आली. ॲलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि त्यांचे सहकारी यांनी तीन दिवसांच्या भ्रूणातली एक पेशी काढून त्याचे लिंग ओळखले होते. फक्त मुलग्यांना ग्रासणारे आनुवंशिक रोग ज्या घरांत होते, तिथे मुलीचा भ्रूण निवडून गर्भधारणा झाली होती. 23 एप्रिलला 364 विरुद्ध 193 मतांनी संशोधनाला मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला कायदा झाला आणि ऑगस्ट 1991 पासून परवाने देणारे स्वतंत्र प्राधिकरण कामाला लागले.

हकीकत विलायतेची खरी. पण तिचे एक टोक आपल्या परळात आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मली. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच ते साधल्याचे सांगितले होते. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि 1981 मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांचे श्रेय त्यांना मिळावे म्हणून पुढे झटले ते हेच आनंद कुमार.

आणि पाहा, गर्भाचे लिंग ओळखण्याची जी विद्या लंडनमध्ये मुली निवडून रोग टाळायला निघाली, तिच्याविषयी आपल्याला धसका होता तो नेमका उलटा. गर्भजलपरीक्षेचा गैरवापर पाहून महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. विद्या एकच, सीमा कुठे घालायची ते मात्र ज्या त्या समाजाला आपले दुखणे ओळखून ठरवावे लागते.

चौदा दिवसांची मर्यादा बरीच वर्षे कुणाला जाचली नाही. कारण बशीतला भ्रूण तितके दिवस जगतच नसे. 2016 मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञांनी तो बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढविला आणि नियम पाळून प्रयोग थांबविला. 2021 मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही मर्यादा आपल्या सक्त मनाईच्या यादीतून काढली. गर्भपाताची आणि जन्मजात व्यंगांची कारणे पुढच्या दोन आठवड्यांत दडली आहेत, असे संशोधक सांगतात. ते खोटे नाही. उलट बाजूचे लोक विचारतात, अडचण नव्हती तोवर पाळलेला शब्द हा कसला शब्द? तेही खोटे नाही.

मला यात शेताचा बांध दिसतो. जमीन सलगच असते. बांध माणसे घालतात. तो निसर्गाने घातलेला नाही म्हणून खोटा ठरत नाही. दोघांनी मिळून मानला म्हणून तो खरा. काळानुसार बांध सरकवताही येतो. मात्र तो दिवसाढवळ्या, दोन्ही शेजाऱ्यांना उभे करून, मोजणी करून सरकवावा. रात्री नांगराच्या तासागणिक वीतवीत बांध कोरणारा शेतकरी प्रत्येक गावात असतो. 2018 मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणांची जनुके गुपचूप बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, ते असेच बांध कोरणे होते. त्यांना तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींना मात्र कुणी विचारले नव्हते.

आजीचे ते तीन महिने कुठल्या शास्त्रातून आले होते कोण जाणे. पण ते सारे घर पाळीत असे, म्हणून त्यांना अर्थ होता.