खिळ्यांपासून कळफलकापर्यंत

स्मरणिकेसाठी ‘आपापल्या क्षेत्राविषयी’ लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलो. आपल्या 1984 च्या दहावीच्या तुकडीत डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक पुष्कळ झाले. मी मात्र घरच्या परिस्थितीमुळे निकालानंतर लगेच छापखान्यात लागलो. माझ्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. पण पुढे या धंद्याचा इतिहास वाचला आणि कळलं, की मराठी छपाई उभी केली तीच मुळी काम करता करता शिकलेल्या माणसांनी.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तिथलं काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं छापयंत्र तयार केलं, शाई करून पाहिली आणि 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. पुढे देवनागरी खिळेही त्यांनी पाडले. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या 1863 च्या पुस्तकात त्यांची हकीकत आहे. मिशनच्याच छापखान्यात नंतर जावजी दादाजी लहानपणी खिळे घासायच्या कामाला होते. शालेय शिक्षण बेताचंच. त्यांनी 1864 मध्ये टाइप फाउंड्री आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. मित्र राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांमुळे निर्णयसागरचा टाइप देशभर नावाजला गेला.

मी लागलो तेव्हाही शिकण्याची रीत तीच होती. पहिले सहा महिने झाडू मारायचा, छापून झालेला मजकूर सोडून खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. इंग्रजीला दोन केस पुरतात, आमच्या देवनागरीला चार लागत. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार, सगळ्यांचे खण वेगळे. आमचे फोरमन काका काही समजावून सांगत नसत. शेजारी उभं राहू देत, एवढंच. स्टिकमधली उलटी अक्षरं वाचायला मी त्यांच्या खांद्यामागून शिकलो. ओळीत दोन शब्दांमध्ये जागा किती सोडायची, हे त्यांना पट्टी न लावता कळायचं. ‘ओळीला श्वास घेता आला पाहिजे,’ असं म्हणायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका मी पहिल्यांदा एकट्याने जुळवली, तेव्हा आपल्या मराठीच्या बाईंनी त्यात एकही चूक काढली नाही. तो दिवस अजून लक्षात आहे.

1993 मध्ये मालकांनी संगणक आणला. माझे हात नऊ वर्षं एका क्रमाला सरावलेले. खिळ्यांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लागते. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर अक्षर आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’ मधला रफार खिळ्यांत ‘य’ वर शेवटी बसायचा. इथे ‘य’ च्या आधी ‘र’ आणि हलंत. पहिला महिना मी ‘किती’ सुद्धा धड टाइप करू शकत नव्हतो. रात्री दुकान बंद झाल्यावर बसायचो, जुन्या पत्रिका पुन्हा जुळवायचो. मालकाचा पुतण्या पेजमेकर शिकला होता, त्याच्या शेजारी उभा राहायचो. दिवाळीपर्यंत हात बसला.

काका दोन दिवस लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘हे तुमच्या वयाचं आहे.’ मी हसून मान डोलावली. वर्षा-दोन वर्षांत खिळे किलोच्या भावाने मोडीत गेले आणि काका घरी बसले. पुढे पडद्यावर पान लावताना ओळ उसवलेली दिसली, की ती मला त्यांच्या डोळ्यांनी दिसायची. यंत्र बदललं होतं, नजर त्यांचीच दिलेली होती. त्यांना चौपन्नाव्या वर्षी कळफलक जमला नसता, असं मी तेव्हा धरून चाललो. खरं सांगायचं तर मी विचारलंच नाही. ज्यांनी मला सहा महिने शेजारी उभं राहू दिलं, त्यांच्यासाठी मी एकदाही खुर्ची ओढली नाही. निदान प्रुफं तपासायला तरी बोलवायला हवं होतं. ते गेले तेव्हा मी अंत्ययात्रेला होतो, पण हे बोलायचं राहिलं ते राहिलंच.

गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजींच्या चिकाटीचं आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण ज्यांनी त्यांना जवळ उभं राहून पाहू दिलं, त्यांची नावं आपल्याला क्वचितच ठाऊक असतात. काम करता करता शिकणं हे एकट्याच्या हुशारीवर होत नाही.

या स्मरणिकेची जुळणी माझ्याकडेच आली आहे. सध्या दुकानात बारावी सुटलेला एक मुलगा येतो. ही पानं त्यानेच लावली आहेत, मी शेजारी बसून होतो. कुठे ओळ उसवलेली दिसली तर दोष माझा समजावा, आणि बाईंनी लाल पेनाने खूण करून पाठवावी.