सहा गोळ्यांचा हिशेब



आमच्या संघटनेतील तरुण कार्यकर्ते आम्हांस अधूनमधून एक प्रश्न घालतात. "काका, धमक्या येतात. जवळ एखादे हत्यार असावे काय? रिव्हॉल्व्हर बरे की पिस्तूल? आणि गोळ्या किती असाव्यात?" प्रश्न पोरकट नाही, म्हणून आधी त्याचे सरळ उत्तर देऊ.

रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बहुधा सहा गोळ्या मावतात. एखादी फुटली नाही तर घोडा पुन्हा दाबावा, पुढची गोळी आपोआप समोर येते. पिस्तुलाच्या मुठीतील मॅगझिनमध्ये सात, आठ किंवा अधिक गोळ्या बसतात व ते चटकन बदलता येते. परंतु गोळी अडकली तर ती सोडविण्यास दोन हात आणि पुष्कळ सराव हवा. आपल्याकडे निवडीला कायद्याचेही कुंपण आहे. नऊ मिलिमीटरचे हत्यार सामान्य नागरिकास मना असल्याने बहुतेक परवानेधारक .३२ बोरावर येतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. आमच्या सभासदाने ते घ्यायचे कशातून?

हत्यार कोणाच्या हाती असावे, हा वाद जुना आहे. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्रकायदा झाला. त्याने हिंदी माणसास परवाना लावला आणि युरोपियनांस सूट दिली. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता; म्हणजे काडतुसे भरणारे हात आपले, बाळगण्याची मुभा मात्र साहेबाची! हा अपमान लोकांच्या मनात सलत राहिला. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला.

आपला सिद्धेश्वरचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या हाती बंदुका आणि रयतेच्या हाती गोफण, काठी, कुऱ्हाड, असा तो सामना होता. त्या दिवसांत 'हत्यार कशाला?' असे विचारणे हा क्रूर विनोद झाला असता. सरहद्दीवरील शिबिरांतल्या तरुणांनी शस्त्रे मिळविली आणि ते लढले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र ते शस्त्र एकट्याच्या खिशातले नव्हते. त्यामागे शिबिर होते, शिस्त होती, निरोप पोहोचविणारी व भाकरी देणारी गावे होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच डिसेंबरात ह. वि. कामत यांनी शस्त्राचा हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना घटना समितीपुढे मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो सराईत गुन्हेगारासही जाईल. महत्त्व हक्काला नसून शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९५९ चा कायदा आला. परवाना मात्र राहिला.

आता आमच्या पेशाचे पाहा. शंकर गुहा नियोगी यांना १९९१ साली भिलाईत रात्री झोपेत गोळी घातली. दत्ता सामंतांना १९९७ साली पवईला गाडीतून जाताना मारले. गोविंद पानसऱ्यांवर २०१५ साली कोल्हापुरात, सकाळी पत्नीसह फिरून परतताना, गोळ्या झाडल्या. झोपलेल्या माणसाच्या उशाशी सहा गोळ्या असत्या काय, दहा असत्या काय? मारेकरी वेळ स्वतः निवडतो. हिशेब तेथेच चुकतो.

एका संपाच्या वेळी आम्हांसही धमकी आली होती. हत्याराचा विचार मनात आला नाही असे म्हणणे खोटे होईल. पण सोबत्यांनी पाळ्या लावल्या. रोज रात्री दोघे जण आम्हांस घरापर्यंत पोहोचवीत, आणि ठाण्यात तक्रारही नोंदविली. त्या दोघांची स्वतःची रोजी बुडाली होती. तरी पाळी एकदाही चुकली नाही.

म्हणून तरुण मित्रांस आमचे सांगणे एवढेच: परवाना मागण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे, ज्याला गरज वाटेल त्याने खुशाल मागावा. परंतु गोळ्या मोजण्यापूर्वी, रात्री आपल्यासोबत घरापर्यंत चालत येतील अशी माणसे किती आहेत, ती मोजावीत.