क्लोन फॅक्टरी

क्लोन फॅक्टरी ही इथेरियम व तत्सम ब्लॉकचेनवर एकाच स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या (यापुढे ‘करार’) अनेक प्रती कमी खर्चात निर्माण करण्याची पद्धत आहे. मूळ कराराचा संपूर्ण कोड एकदाच नोंदवला जातो. त्यानंतर ‘फॅक्टरी’ हा दुसरा करार मागणीनुसार छोट्या प्रती, म्हणजे क्लोन, तयार करतो. आलेला आदेश मूळ कराराच्या कोडने चालवावा, एवढीच सूचना क्लोनमध्ये असते. शिल्लक, मालकी इत्यादी नोंदी मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहतात. युनिस्वॅप या विनिमय प्रणालीच्या २०१८ मधील पहिल्या आवृत्तीत प्रत्येक टोकनचा विनिमय-करार याच रीतीने निर्माण होत असे.

खर्चाचे गणित

इथेरियमवर कोड साठवण्यासाठी दर बाइटमागे २०० गॅस आकारला जातो. १०,००० बाइटचा करार पुन्हा नोंदवायचा तर केवळ साठवणुकीस २० लाख गॅस लागतो. पीटर मरे, नेट वेल्च व जो मेसरमन यांनी जून २०१८ मध्ये मांडलेल्या ईआरसी-११६७ या मानकानुसार क्लोनचा कोड अवघा ४५ बाइटचा असून त्याची साठवण ९,००० गॅसमध्ये होते. करारनिर्मितीचा ३२,००० गॅस दोन्हीकडे सारखाच.

मात्र क्लोनला दर व्यवहारात मूळ कराराकडे जावे लागते. एप्रिल २०२१ च्या बर्लिन सुधारणेपासून त्यासाठी किमान २,६०० गॅस अधिक पडतो. वरील उदाहरणात सुमारे साडेसातशे व्यवहारांनंतर वाचलेला गॅस संपतो. शिवाय बचत निर्मात्याची आणि भुर्दंड वापरकर्त्याचा. त्यामुळे संख्येने पुष्कळ, पण प्रत्येकी कमी वापरल्या जाणाऱ्या करारांनाच ही पद्धत सोयीची ठरते. २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनसारख्या स्वस्त जाळ्यावर या बचतीचे महत्त्व कमी होते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन वापरण्यात आले. अशा कामी प्रत्येक दाखल्यास वेगळा करार लागत नाही. सर्व दाखल्यांचे ठसे एकाच करारात ठेवता येतात.

मूळ करारावरील अवलंबन

क्लोनची तुलना कलमाशी करण्याचा मोह होतो. ती अर्धीच खरी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात बांधलेले हापूसचे कलम मातृवृक्ष तोडला तरी जगते. क्लोन तसा जगत नाही.

क्लोन तयार होताना मूळ कराराचा कन्स्ट्रक्टर चालत नसल्याने आरंभीकरण वेगळे करावे लागते. ते निर्मितीच्याच व्यवहारात न केल्यास दुसरा कोणीही ते करून मालक होऊ शकतो. ईआरसी-११६७ पूर्वीच्या, पण याच तत्त्वावरील पॅरिटी पाकिटांच्या समाईक मूळ कराराचे आरंभीकरण राहून गेले होते. ६ नोव्हेंबर २०१७ रोजी एका वापरकर्त्याने ते स्वतः करून मालकी मिळवली व करार नष्ट केला. त्यावर विसंबलेल्या ५८७ पाकिटांतील ५ लाख १३ हजारांहून अधिक इथर अडकले. ते मोकळे करण्याचा २०१८ मधील प्रस्ताव अमलात आला नाही.

मार्च २०२४ च्या डेनकन सुधारणेनंतर इथेरियमवर आधी नोंदवलेला करार असा पुसता येत नाही. तथापि ईआरसी-११६७ क्लोनमध्ये मूळ कराराचा पत्ता कायमचा कोरलेला असल्याने मूळ कोडमधील दोष सर्व क्लोनमध्ये उतरतो आणि तो मागाहून दुरुस्त करता येत नाही.