धर्मतला ते चांदनी : कोलकात्यातील तबकडी-यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास

कोलकात्याच्या एस्प्लनेडपासून पूर्वेकडे जाणारा जुना धर्मतला रस्ता, म्हणजे आजची लेनिन सरणी, आणि तिच्या उत्तरेला गणेशचंद्र अॅव्हेन्यूच्या दिशेने पसरलेला चांदनी बाजार, एवढ्या लहानशा टापूत शंभराहून अधिक वर्षे फिरत्या तबकडीवरील खूण वाचणारी यंत्रे विकली आणि दुरुस्त केली जात आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ही यंत्रे किल्लीचे ग्रामोफोन होती. शतक संपता संपता त्यांत सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनसारखे, लेझरच्या किरणाने चकती वाचणारे आणि दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे कन्सोल येऊन मिळाले. दोन्हींच्या तंत्रात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी कारागिरापुढचा मूळ प्रश्न एकच राहिला: तबकडी ठरल्या गतीने फिरते का, आणि वाचणारे टोक खुणेवर नेमके टिकते का. या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर दुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासापेक्षा अधिक सलग असल्याचे ध्यानात येते.

१९०२ मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गायिका गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गाणे मेणाच्या पाटीवर टिपले. त्या मुद्रणांवरून तबकड्या मात्र जर्मनीतील हॅनोव्हर येथे ठोकल्या जात आणि जहाजाने परत येत. १९०८ मध्ये कंपनीने कोलकात्याच्या सियालदह भागात स्वतःचा कारखाना उघडला, आणि १९२८ च्या सुमारास हे काम दमदमच्या मोठ्या आवारात गेले. कारखान्याला कोलकाता सोयीचे होते त्याचे एक कारण कच्चा माल हे होय, कारण तबकडीच्या लगद्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी एकत्र धरून ठेवणारी लाख मानभूम व छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून येई आणि तिचा निर्यातव्यापार याच बंदरातून चाले. महाराष्ट्राचा या कारखान्यांशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. परंतु याच कंपनीच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ शिक्क्याची जी नाट्यपदे पुण्या-मुंबईच्या आणि सांगली-कोल्हापूरच्या घरांत वाजली, त्यांच्या तबकड्या आधी सियालदहला आणि पुढे दमदमलाच घडल्या होत्या.

याच काळात ‘कुंतलीन’ केशतेलामुळे प्रसिद्धीस आलेले उद्योजक हेमेंद्रमोहन बोस यांनी धर्मतला रस्त्यावर ‘टॉकिंग मशीन हॉल’ हे दुकान चालवले. त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रणे काढली आणि त्यांत रवींद्रनाथ ठाकूर यांचाही आवाज होता. बोलणारी यंत्रे विकणारे दुकान ज्या रस्त्यावर उभे राहिले, त्या रस्त्यावर ती बिघडल्यावर पाहणारा माणूसही लागणारच होता, कारण किल्लीचा ग्रामोफोन हे वारंवार हात लावावे लागणारे यंत्र होते. त्याच्या पेटीत गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग तुटे किंवा तिचे वंगण गोठून ती धक्के देत उलगडे. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांवर रोखून धरणारा गव्हर्नर, म्हणजे वेगाबरोबर बाहेर फेकल्या जाणाऱ्या तीन लहान वजनांचा नियामक, झिजला की गाण्याचा स्वर डळमळू लागे. सर्वांत नाजूक भाग साउंडबॉक्स हा होता. सुईची थरथर अभ्रकाच्या पातळ पडद्यापर्यंत नेणाऱ्या या डबीत पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबराची कडी असे, आणि ती कडक झाली की आवाज खरखरू लागे. कारागीर जुनी कडी काढून नवी बसवी आणि पडदा ना सैल ना ताठ अशा बेताने पुन्हा आवळी. हा बेत मोजपट्टीने सापडत नाही, तो कानाने आणि बोटांनीच सापडतो, आणि पुढील सर्व पिढ्यांच्या यंत्रांत दुरुस्तीचे खरे कसब अशाच एखाद्या जागी दडलेले राहिले.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येतो. फिलिप्स कंपनीने भारतातील व्यवसाय १९३० मध्ये कोलकात्यातच सुरू केला आणि १९४८ पासून येथे रेडिओ बनवले; चांदनी हा रेडिओ, ध्वनिवर्धक आणि पुढे कॅसेटच्या सुट्या भागांचा बाजार झाला; तर दक्षिणेकडील फ्री स्कूल स्ट्रीट, म्हणजेच मिर्झा गालिब स्ट्रीट, जुन्या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी ओळखला जाऊ लागला. त्याच फिलिप्सने सोनीच्या साथीने १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर सूक्ष्म खड्ड्यांची एकच सर्पिल रेघ असते, तिच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट असते, आणि ती ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेझरने वाचली जाते. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत सरकते, लेझर आतून बाहेर. ग्रामोफोनची गती स्थिर असते, तर संगीताची चकती आरंभी मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेला पोचेपर्यंत सुमारे २०० वर येते. खड्ड्यांवर किरण एकवटून ठेवण्यासाठी भिंग दोन चिमुकल्या वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढीवर सतत वर-खाली आणि आजूबाजूला हलत असते.

जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी विक्रीस आलेले प्लेस्टेशन याच चकतीवर चालणारे होते आणि जगभरात त्याचे १० कोटींहून अधिक संच खपले. भारतात त्या वेळी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर निर्बंध होते आणि उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध २००१ च्या एप्रिलमध्ये उठले. म्हणून असे संच परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा खिदिरपूर गोदीजवळच्या फॅन्सी मार्केटसारख्या, विदेशी मालासाठी प्रसिद्ध असलेल्या बाजारांतून घरांत पोचले. अशा आडवाटेने आलेल्या मालाला कंपनीची हमी नसते, आणि संच बिघडला की स्थानिक कारागिराखेरीज दुसरे दार उरत नाही. कोलकात्यात ते दार चांदनीत होते.

प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलांतील बिघाड सर्वत्र एकाच प्रकारचा होता. खेळाच्या मधे येणारे चलच्चित्र प्रथम अडखळते, कारण ते सलग वाचावे लागते आणि चुकलेला तुकडा पुन्हा वाचायला अवधी नसतो. मग खेळ उघडायला वेळ लागतो. शेवटी चकती ओळखलीच जात नाही. झाकण उघडून वरचे कवच काढले की कारण दिसते. भिंग वाहून नेणारी प्लॅस्टिकची लहान गाडी आपल्या मार्गावरून सरकते, आणि हा भाग वीजपुरवठ्याच्या पाटीलगत असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या उष्णतेत व घर्षणात तिची कड झिजते, गाडी किंचित कलते आणि भिंगाचा रोख ढळतो. संच उलटा किंवा उभा ठेवून खेळण्याची युक्ती जगभर पसरली ती यामुळेच, कारण उलटे केल्यावर झिजलेली गाडी वेगळ्या बाजूवर टेकते आणि तेवढ्यापुरती सरळ होते. पुढील मॉडेलांत सोनीने वाचक भागाची जागा बदलली.

दुरुस्तीचा क्रमही अनुभवाने ठरलेला आहे. दमट हवेत भिंगावर चिकटलेली धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसणे, जुने वंगण काढून मार्गावर आणि पांढऱ्या दंतचक्रांवर नवे लावणे, चकतीची बैठक योग्य उंचीवर आहे का हे पाहणे, आणि एवढ्याने भागले नाही तरच सुरुवातीच्या पाट्यांवर असलेले, किरणाचा रोख व मागोवा जुळवणारे बारीक स्क्रू फिरवणे. लेझरची शक्ती वाढवणारा स्क्रू फिरवला की मरू घातलेला संच तत्काळ चालू लागतो, परंतु त्याने डायोडचे उरलेले आयुष्य झपाट्याने संपते. ग्राहकाला हे आधी सांगणारा कारागीरच खरा कारागीर, असे म्हटले पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे पूर्ण वाचक भाग बदलणे. त्यासाठी मोडीत निघालेले संच राखून त्यांतील चांगले भाग काढून घ्यावे लागतात, आणि सुट्या भागांच्या जुन्या बाजारात ही पद्धत आधीपासूनच रुळलेली होती.

अलीकडे चकती वाचणारा ड्राइव्ह काढून टाकून तेथे मेमरी कार्डावरून खेळ पुरवणारी पाटी बसवण्याचा मार्ग निघाला आहे. तो टिकाऊ आहे, यात शंका नाही. पण संग्राहकाच्या कपाटातील मूळ चकत्या त्याने मुक्या होतात. चकती वाचली जावी असे वाटत असेल, तर झिजलेली गाडी आणि मळलेले भिंग ओळखणारा हात हवाच. सियालदह आणि दमदमचे कारखाने केव्हा उभे राहिले आणि त्यांत काय घडले हे कागदोपत्री सापडते. साउंडबॉक्सचा पडदा किती आवळावा आणि लेझरचा स्क्रू कोठे थांबवावा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते सहसा लिहून ठेवलेले नसते. लेनिन सरणी आणि चांदनीतील अशा कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम कोलकात्यातील विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी, ते कारागीर कामावर आहेत तोवरच हाती घ्यावे.