तुंबलेली लघवी, पुष्पनेत्र आणि फोलीची नळी

सिल्वासाचा इतिहास म्हटला की आपल्या मंडळात दोनच गोष्टी निघतात: 1783 मध्ये नगर हवेली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली ती, आणि 2 ऑगस्ट 1954 ची मुक्ती. दोन्ही महत्त्वाच्या, वाद नाही. या वेळी मात्र मी वेगळाच विषय घेतोय. ऑपरेशननंतर लघवी अडणं. हसू नका, ज्याची अडलीय त्याला विचारा.

मी मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून आधी यंत्रणा सांगतो. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. साधारण 400-500 मिलिलिटर साठलं की आपल्याला उठावं लागतं. तेव्हा पिशवी आवळली पाहिजे आणि त्याच क्षणी खालची झडप सैल झाली पाहिजे. हा हुकूम कण्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांतून जातो. हर्निया, मूळव्याध अशा ऑपरेशनला पाठीत जी भूल देतात, ती नेमक्या याच तारा काही तास बंद करते. पाय हलू लागतात, पण मूत्राशय मागे राहतं. त्यात म्हातारपणाची वाढलेली प्रोस्टेट असली, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं असली, की पिशवी भरत राहते आणि कळतही नाही. फार ताणली गेली तर तिचा स्नायू कायमचा ढिला पडू शकतो.

या भुलेचा जन्म ऑगस्ट 1898 मध्ये जर्मनीत कील इथला. ऑगस्ट बीर या सर्जननं आपला सहाय्यक हिल्डेब्रांट याच्या पाठीत कोकेन टोचलं आणि मग त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारून पाहिला. दुखलं नाही! (चाचणी घ्यावी तर अशी.)

पण ऑपरेशननंतरच्या मूत्राशयाची काळजी त्याहून कितीतरी जुनी आहे. सुश्रुतसंहितेची मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली प्रत काढा आणि चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय वाचा. मुतखडा कापून काढल्यावर रोग्याला गरम पाण्याच्या द्रोणीत बसवायला सांगितलंय, का, तर मूत्राशय रक्तानं भरू नये म्हणून. भरलंच, तर वड-पिंपळासारख्या चिकाच्या झाडांचा काढा पुष्पनेत्रानं, म्हणजे बारीक नळीनं, आत सोडून धुवायचं. हे शस्त्रकर्म करण्याआधी राजाची परवानगी घ्या, असंही तो बजावतो; कुशल हातातही यश नक्की नाही, हे त्याला ठाऊक होतं. दुसरीकडे, शिस्नाची त्वचा आवळून धार अडली तर लोखंड, लाकूड किंवा लाखेची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी तूप लावून घालायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड घ्यायची, हा उपाय आहे. इंजिनिअरला यात गेज दिसतं.

युरोपात ते गेज एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शारिएर या हत्यारकाऱ्यानं आखलं. मिलिमीटरमधला व्यास गुणिले तीन, म्हणजे 16 नंबरची नळी साधारण 5.3 मिलिमीटर. आजही पाकिटावर तोच आकडा असतो. पण नळ्या बराच काळ धातूच्याच. बेंजामिन फ्रँकलिननं 1752 मध्ये मुतखड्यानं पिडलेल्या भावासाठी चांदीची लवचिक नळी सोनाराकडून करून घेतली. गुडइयरनं रबर पक्कं करायची युक्ती काढल्यावर पॅरिसमध्येच नेलातोंची मऊ रबरी नळी आली. तरी ती आत टिकत नसे, चिकटपट्टीनं बांधावी लागे.

मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या फ्रेडरिक फोलीनं टोकाला फुगा बसवला. 1929 पासून तो त्याच्या मागे होता, आणि हेतू काय? प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं रक्त फुग्यानं दाबून थांबवणं! सुश्रुताची अडचण तीच, उत्तर वेगळं. पेटंटच्या भांडणात फोली शेवटी हरला. ते डेव्हॉल रबर कंपनीच्या पॉल रेशला मिळालं. नाव मात्र फोलीचंच राहिलं.

आता आपल्याकडे या. काही वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक वयस्कर वारली शेतकरी होते. संध्याकाळी हिंदीत विचारलं गेलं, "पेशाब हुआ?" त्यांनी मान हलवली. चार थेंब झाले होते, ते खोटं बोलले नव्हते. भरून सांडणारं मूत्राशयही थेंब देतंच. रात्री ओटीपोट टणक झालं. अनुभवी सिस्टरनं हात लावला मात्र, नळी मागवली. पिशवीत जवळजवळ लिटरभर उतरलं. बाबांनी मोठ्ठा श्वास सोडला आणि लगेच झोपले.

आज पोटावरून सोनोग्राफी करून किती साठलंय ते मोजता येतं, आणि जंतुसंसर्ग नको म्हणून नळी शक्य तितक्या लवकर काढतात. पण मोजायला हवं हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि ते बहुतेकदा रोग्याच्या शब्दावरून येतं. सिल्वासाच्या वॉर्डात गुजराती, हिंदी, मराठी, वारली, धोडिया, कोकणा एका खोलीत असतात.

म्हणून सभासदांना विनंती: लघवी तुंबणं, थेंब थेंब होणं, ओटीपोट फुगणं यांना तुमच्या घरात, पाड्यावर काय म्हणतात ते लिहून आणा. ओटीपोटावर शिजवलेली पळसफुलं बांधायचा घरगुती उपाय कुणी पाहिला असेल तर तोही, गावाच्या नावासकट. पुढच्या बैठकीत यादी करू आणि तिची एक प्रत सिव्हिल हॉस्पिटलच्या सिस्टरांना देऊ.