पेडणे-डिचोलीतील रानभाज्या आणि वनौषधी

मृगाच्या सरी कोसळल्या की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील सडे, कुळागरांच्या कडा व शेतांचे बांध हिरवे होतात. एरवी तण म्हणून उपटून टाकली जाणारी ही हिरवाई ग्रामीण गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या अन्न, औषध आणि पूजासाहित्य म्हणून वापरात आहे.

पहिल्या पावसात उगवणारा टायकिळा कोवळा असतानाच खुडतात आणि फणसाच्या बिया व ओले खोबरे घालून त्याची भाजी करतात. आयुर्वेदात त्याला चक्रमर्द म्हणतात. गजकर्णावर त्याचा पाला वाटून लावण्याची जुनी रीत आहे. कुर्डूची पालेभाजी, बांबूचे किल्ल आणि फागलांही याच दिवसांत ताटात येतात. तेरे म्हणजे रानटी अळू आणि सुरणाच्या कुळातील लुती यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घशाला खाज सुटते. म्हणून या भाज्या आंबाडे, चिंच किंवा सोलां घालून पूर्ण शिजवूनच खातात.

तापावर किरायत्याचा कडू काढा देण्याची प्रथा घरोघरी होती. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे पायाखाली चिरडले जाणारे कारीट हे कुंपणावरच्या रानवेलीचेच फळ. चतुर्थीच्या माटोळीत कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, हरणां अशी रानातील फळेफुले बांधली जातात. ती शोधताना मुलांना वनस्पतींची ओळख होत असे, त्यामुळे माटोळी ही एका अर्थी निसर्गाची पाठशाळाच होती.

आज या परंपरेपुढे दोन संकटे आहेत. डिचोलीतील खाणींनी डोंगर पोखरले. पेडण्यात मोपाच्या विस्तीर्ण सड्यावर २०२३ पासून विमानतळ सुरू आहे. सडा गेला की त्यावरची हंगामी वनस्पतीसृष्टीही जाते. रोवणांवर वाळवीच्या साहाय्याने वाढणारी अळमी कळीतच ओरबाडल्याने बीजाणू पसरत नाहीत, आणि तिची लागवड शेतात करता येत नाही.

दुसरे संकट विस्मृतीचे. टायकिळा रस्त्याच्या कडेला आजही मुबलक उगवतो. मात्र तो कधी खुडावा, लुती किती शिजवावी, विषारी अळमे कसे ओळखावे, हे ज्ञान प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांपाशी उरले आहे. अशा बाबतीत अर्धवट माहिती जिवावर बेतू शकते. म्हणूनच जाणत्यांसोबत रानात जाऊन ओळख पटवून घेणे आणि ती नोंदवून ठेवणे, हाच हा वारसा जपण्याचा खात्रीचा मार्ग होय.