बंदरातील पाखरांची शिरगणती

इ. स. १८८६ साली न्यूयॉर्क शहरातील एक तरुण दोन दिवस दुपारी रस्त्याने फिरत बायकांच्या टोप्या मोजीत होता. आज आपल्या गावात कोणी असे केले तर त्याची काय संभावना होईल, हे सांगावयास नको! पण फ्रँक चॅपमन नावाच्या या गृहस्थाचे लक्ष टोप्यांवर खोचलेल्या पिसांकडे होते. बँकेत नोकरी करावी आणि उरल्या वेळात पक्षी पाहावेत, असा त्याचा क्रम असे. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे निघाली आणि त्यांत ४० जातींचे पक्षी त्याला ओळखता आले. आम्हांला वाटते, पुढे जी मोठी शिरगणती सुरू झाली तिचे मूळ या टोप्यांत आहे.

त्या काळी तिकडे नाताळच्या दिवशी शिकारीचा एक खेळ चाले. दोन पक्ष पाडावयाचे, बंदुका घेऊन निघावयाचे आणि संध्याकाळी ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. खाण्याच्या उपयोगाचे पाखरू असो वा नसो, गोळी सर्वांनाच. चॅपमन तोवर बँक सोडून न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात दाखल झाला होता आणि ‘बर्ड-लोअर’ हे द्वैमासिक चालवीत होता. १९०० च्या डिसेंबरात त्याने वाचकांना सुचविले की, यंदा ढीग न रचता यादी रचा. त्या नाताळात अमेरिका आणि कॅनडा मिळून २५ ठिकाणी २७ माणसे बाहेर पडली; सुमारे ९० जातींचे साडेअठरा हजार पक्षी त्यांनी नोंदले. खुद्द न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क त्या २५ ठिकाणांत होते. माणसे अवघी २७, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे एवढ्या उपस्थितीत व्याख्यान झाले तर चिटणीस खट्टू होतात!

पुढे या कामाला शिस्त आली. १५ मैल व्यासाचे वर्तुळ आखावयाचे, १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या अवधीतला एक दिवस ठरवावयाचा, आणि त्या वर्तुळात दिसेल ते प्रत्येक पाखरू मोजावयाचे. किती टोळ्या किती तास हिंडल्या हेही लिहावयाचे; नाहीतर माणसे वाढली म्हणून पक्षी वाढले असा भास व्हावयाचा.

न्यूयॉर्कचे बंदर म्हणजे धक्के, गोद्या, गटारांची तोंडे आणि कचऱ्याचे डोंगर. तेथे पक्षी कसले पाहावयाचे? पण १९२४ साली ब्रॉंक्स भागातील काही पोरांनी पक्षिमंडळ काढले, आणि त्यांच्या आवडीच्या जागांत हंट्स पॉइंटचा उकिरडा होता. उकिरड्यावर उंदीर येत आणि उंदरांच्या मागे उत्तर ध्रुवाकडची पांढरीशुभ्र हिमघुबडे येत. या पोरांबरोबर हिंडणाऱ्या रॉजर टोरी पीटरसनने १९३४ साली पक्षी ओळखण्याचे पुस्तक लिहिले व ते घरोघर गेले. दुसरा जोसेफ हिकी. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

हिकीने बहिरी ससाण्याची घरटी कोणकोणत्या कड्यांवर आहेत याची टिपणे जमविली आणि १९४२ साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा त्या यादीचे कोणाला विशेष वाटण्याचे कारण नव्हते. १९६४ साली तीच यादी हाती धरून माणसे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील कडे पुन्हा चढली. १३३ जागा पाहिल्या. एकाही ठिकाणी ससाणा नांदत नव्हता! हिकी तोपर्यंत विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्याने संग्रहालयांतील जुनी अंडी मोजून पाहिली, तो डीडीटीचा वापर सुरू झाल्यापासून टरफले पातळ झालेली. आई अंड्यावर बसली की अंडे फुटावयाचे. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. पाळून वाढविलेली ससाण्याची पिले सोडण्यात आली, आणि १९८३ साली न्यूयॉर्कच्या दोन पुलांवर त्यांनी घरटी केली. त्यांपैकी व्हेराझानोचा पूल तर बंदराच्या तोंडाशीच आहे. जुनी यादी नसती तर कडे ओस पडले हे समजले असते. किती ओस पडले, हे मात्र समजले नसते.

सगळ्याच नोंदी अशा सुखान्त नाहीत. कुरव हा समुद्रपक्षी पिसांच्या व अंड्यांच्या व्यापाराने दुर्मीळ झाला होता. कायद्याने त्याला अभय मिळाले आणि शहराच्या कचऱ्याने अन्न. १९४८ साली स्टेटन बेटावर फ्रेश किल्सचा प्रचंड उकिरडा सुरू झाला आणि कुरवांची चंगळ झाली. २००१ साली तो बंद झाला तशी मेजवानी आटोपली. वाढलेला आकडा नेहमी निसर्गाचे आरोग्यच सांगतो असे नाही, हे या पाखराने मोजणाऱ्यांना शिकविले. ब्रँट नावाच्या काळ्या मानेच्या कलहंसाचे याउलट झाले. १९३० नंतर रोग पडून उथळ समुद्रातील गवत मेले, त्याबरोबर हे पक्षीही उपासमारीने घटले. जे उरले त्यांनी खडकांवरचे हिरवे शेवाळ खावयास सुरुवात केली, आणि हे शेवाळ सांडपाण्याच्या खतावर चांगले पोसते. आजही हिवाळ्यात ब्रँटचे थवे त्या बंदरात उतरतात.

मुंबईकरांना यात आपले बंदर आठवेल. भारतीय उपखंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून होते, आणि तीही बव्हंशी हौशी माणसेच करतात. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात तो भाग गोदी आणि तेलाच्या टाक्या यांच्या शेजारचा. आम्ही तेथे भरतीच्या आधी जाऊन उभे राहिलो आहोत. पाणी चढू लागले की थवा धक्क्याकडे सरकतो, आणि तेवढ्या वेळात मोजणी उरकावी लागते. गुलाबी गर्दीत दहादहाचे गट मनाशी करावयाचे, तोच कोणीतरी मागून विचारतो, “साहेब, किती झाले?” की पुन्हा पहिल्यापासून.